केस ओढण्याचा प्रवेश

मी पोटासाठी मारामारी शिकवते. नाटकातली. रंगमंचावर कुणी कुणाच्या मुस्काटात मारली, कुणाला जिन्यावरून ढकलून दिलं किंवा कुणाच्या छातीत सुरा खुपसला, की त्यामागे मी असते. लोकांना धंदा सांगितला की ते आधी हसतात, मग माझ्या दंडांकडे बघतात आणि हळूच विषय बदलतात. माझ्या ताईला तर अजूनही आशा आहे की मी यातून बाहेर पडेन आणि एखादी धड नोकरी धरेन.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. पहिल्या प्रयोगाच्या दिवशी माझ्या अंगात वारं शिरतं. जेवण जात नाही, एका जागी बसवत नाही, आणि कुणी शांतपणे बोलायला लागलं की त्याचा राग येतो. सकाळी सगळ्यांच्या आधी मी नाट्यगृहावर हजर. सुतार दरवाजाची चौकट ठोकत होते, ओल्या रंगाचा वास नाकात जात होता, दिग्दर्शकबाई एका हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद आणि दुसऱ्या हातात संहिता घेऊन येरझारा घालत होत्या. मला हे सगळं इतकं आवडतं की कधी कधी वाटतं, प्रयोग नाही झाला तरी चालेल, हा दिवस तेवढा व्हावा.

आणि या वेळी तर नाटकात माझी भाची होती. सतरा वर्षांची, ताईची एकुलती एक. घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण लहानपणी ती जेवायलासुद्धा कधी बसली नाही. ताईने तिला एकटीने वाढवलं. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते. पोरीला नाटकाचं वेड माझ्याकडूनच लागलंय असं ताईचं ठाम मत, आणि ते खरंही आहे. भिंगरीला निवडताना मी एक शब्द टाकला नव्हता, हे मात्र मी कुठेही शपथेवर सांगेन. दिग्दर्शकबाईंनी तिला दोन वाक्यं म्हणायला लावली आणि बाकीच्या मुलींना घरी पाठवून दिलं.

नाटकात ती एका तापट बापाची मुलगी होती. घर सोडून निघालेल्या मुलीला बाप दारातून केस धरून फरफटत आत आणतो, तो आमचा मोठा प्रवेश. बापाचं काम करत होते ते दातांचे डॉक्टर. दिवसभर दवाखान्यात लोकांना रडवणारा हा माणूस रंगमंचावर आला की मेणाहून मऊ. प्रत्येक तालमीनंतर भिंगरीजवळ जाऊन विचारणार, लागलं नाही ना गं बाळा. मी त्यांना कितीदा सांगितलं, डॉक्टर, तुम्ही राक्षस आहात, जरा दात दाखवा.

आता केस ओढायचे कसे, ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नाटकात केस कुणी ओढत नाही. ओढणारा फक्त मूठ वळून समोरच्याच्या टाळूवर ठेवतो, मुठीत एकही केस नसतो. जिचे केस ओढले जातायत ती दोन्ही हातांनी त्याचं मनगट पकडते आणि स्वतःच्या डोक्यावर दाबून धरते. मग ती चालते, ती अडखळते, ती ओरडते, आणि ओढणारा बिचारा तिच्यामागून जातो. प्रेक्षकांना वाटतं तो ओढतोय. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट सांगते, की इथे मार खाणाऱ्याची मर्जी चालते. तिने मनगट सोडलं की मारामारी संपली.

भिंगरी हे पटकन शिकली होती. पण गेल्या काही दिवसांत तिचं काहीतरी बिनसलं होतं. भिंतीला टेकून उभी राहायची, मधल्या सुटीत गोळी गिळायची, आणि विचारलं की डोकं दुखतंय म्हणायची. मी म्हटलं, पहिल्या प्रयोगाचं दडपण असेल.

त्या सकाळी प्रकाशासह शेवटची तालीम होती. प्रकाशयोजना बघत होता भिंगरीचा मित्र. मित्र म्हणजे तसा मित्र. ताईलाही ठाऊक होतं आणि ताईची ना नव्हती. एकोणीस वर्षांचा, गोरागोमटा, बोलायला साखर. रोज तालमीनंतर तिला घरी सोडायचा, ताईच्या जड पिशव्या उचलायचा, नळ गळत असला तर न सांगता दुरुस्त करायचा. ताईने त्याचं नावच पाडलं होतं गुणी बाळ. आमच्या घराण्यात इतका गुणी पुरुष आजवर झाला नाही असं ती मला ऐकवायची, आणि आमच्या घराण्यातले पुरुष बघता मला तोंड उघडायला जागा नसायची. तो प्रेक्षागृहाच्या मागे, वरच्या काचेच्या खोलीत बसायचा आणि तिथून ध्वनिक्षेपकावर बोलायचा.

प्रवेश सुरू झाला. दार धाडकन उघडलं, बाजूने पांढराफटक प्रकाश पडला, डॉक्टरांची मूठ भिंगरीच्या टाळूवर, तिचे हात त्यांच्या मनगटावर. अंगावर काटा यावा असं दिसत होतं. मी पहिल्या रांगेत बसून स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात वरून गुणी बाळाचा आवाज आला.

"डॉक्टर, मूठ मागे मानेपाशी धरा. मानेपाशी धरलं की ती आपोआप चालते."

त्याने हे अगदी सहज सांगितलं, एखादा दिवा जरा डावीकडे घ्या म्हणावं तसं. आणि रंगमंचावर भिंगरीने डॉक्टरांचं मनगट सोडलं. तिचे दोन्ही हात खाली गेले आणि ओटीपोटावर घट्ट बसले. गुडघे वर ओढून ती जमिनीवर मुटकुळं करून पडली, डोळे मिटून, तोंडातून चकार शब्द न काढता. डॉक्टर हवेत मूठ धरून तसेच उभे.

मी इतकी वर्षं लोकांना पडायला शिकवतेय. मारामारीत नवखा माणूस तोंड झाकतो, शहाणा डोकं झाकतो. पोट झाकताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. आणि ते मानेपाशी धरण्याचं मी कुणाला शिकवलं नव्हतं, कारण नाटकात त्याचा उपयोगच नाही. मानेपाशी केस धरले की माणूस खरोखरच आपोआप चालतो. हे कळायला एकदा तरी खरोखर धरून बघावं लागतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण मी ओरडले नाही. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले नाही, आणि मलाच माझं नवल वाटलं. मी जांभई देत उठले, म्हटलं मुलीचा तोल गेला, जरा वेणी घालून आणते, आणि तिला हाताला धरून रंगपटात नेलं. दाराला कडी लावली.

तिचं अंग गरम लागत होतं. मी काही विचारायच्या आधीच तिने सांगितलं की काही नाही, गोळी घेतलीय, बरं वाटेल. मी तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि म्हटलं, तो तुझे केस ओढतो हे मला कळलंय, बाकीचं तुला सांगावंसं वाटलं तर सांग. ती आरशातल्या दिव्यांकडे बघत राहिली. मग जे बाहेर आलं ते तुटकतुटक, मागचं पुढे, पुढचं मागे.

पहिल्यांदा त्याने मारलं ते ती मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली म्हणून. मग रडला, पाया पडला. मग तिचा फोन तपासायला लागला. फोनमध्ये ती कुठे आहे ते त्याला दिसतं. ती नको म्हणाली की तो रुसायचा, मग ओढायचा, मग त्याला कुठलंच नको ऐकू यायचं नाही. कंडोम वापर म्हणाली तर म्हणे तुझा माझ्यावर विश्वास नाही, दुसरा कुणी आहे का तुला. तिने एकदा धीर करून दूरच्या गल्लीतल्या दुकानातून स्वतःसाठी दिवस न जाण्याच्या गोळ्या आणल्या, कारण जवळच्या दुकानात तर काउंटरवर साक्षात आईच. त्या त्याने तिच्यादेखत गटारात टाकल्या. आणि आता पाळी चुकली होती, ओटीपोटात दुखत होतं, ताप येत होता, आणि डॉक्टरकडे जायची चोरी. कुठे गेलीस तर तुझ्या आईला सगळं सांगेन, असं त्याने बजावून ठेवलं होतं. मला दिवस गेलेत मावशी, ती म्हणाली, आणि आईला ते त्याच्या तोंडून कळणार.

खरं सांगते, मी त्या क्षणी रडायला हवं होतं, पण मला स्फुरण चढलं. हात शिवशिवायला लागले. वर जाऊन त्या काचेच्या खोलीतून त्याला काचेसकट खाली आणावं असं वाटलं. मग आठवलं की मी आयुष्यात खरी मारामारी एकदाही केलेली नाही. आणि भिंगरीला आत्ता मारामारी करणारी मावशी नको होती, डॉक्टर हवा होता. मी तिला विचारलं, आत्ता जायचं का, मी बरोबर आहे. ती म्हणाली, त्याला कळेल. म्हटलं, नाही कळलं तर? ती म्हणाली, तर जायचं.

दातवाले डॉक्टर दाराबाहेरच घुटमळत होते, लागलं नाही ना विचारायला. भिंगरीच्या परवानगीने मी त्यांना एवढंच सांगितलं की हिला बायकांच्या डॉक्टरकडे न्यायचंय आणि वरच्याला पत्ता लागता कामा नये. त्या माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. त्यांची मोठी बहीण बायकांचीच डॉक्टर, तिचा दवाखाना नाट्यगृहाच्या मागच्या रस्त्यावर. त्यांनी तिला फोन केला, कोट सारखा केला आणि तडक रंगमंचाच्या मधोमध जाऊन उभे राहिले. म्हणाले, माझ्या नाकाची सावली माझ्याच ओठांवर पडतेय, मी असा प्रयोग करणार नाही.

हा माणूस कधी स्वतःहून खुर्चीही मागत नाही. दिग्दर्शकबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्या बाईला काय कळलं देव जाणे, पण त्यांनी वर हुकूम सोडला की डॉक्टरांचं समाधान होईपर्यंत कुणीही प्रकाशाच्या खोलीतून हलायचं नाही. डॉक्टर इकडे सरकले, तिकडे सरकले, आता कपाळ चमकतंय म्हणाले, आता कान दिसत नाही म्हणाले. आम्ही भिंगरीचा फोन रंगपटातच आरशासमोर ठेवला, म्हणजे बघणाऱ्याला ती आरशासमोरच दिसावी, आणि मागच्या दाराने सटकलो.

रस्ता ओलांडताना मी दर दोन पावलांवर मागे बघत होते, आणि भिंगरी मला सांगत होती की मावशी, तू अशी बघतेस म्हणून लोक बघतायत. पोरगी तापाने फणफणली होती आणि तरी हसली. ते हसणं बघून मला वाटलं, आज काहीही झालं तरी मागे फिरायचं नाही.

डॉक्टरबाई भावापेक्षा निम्म्या उंचीच्या आणि दुप्पट कडक निघाल्या. त्यांनी मला पहिल्याप्रथम बाहेर बसवलं. मी म्हटलं, मी सख्खी मावशी आहे. त्या म्हणाल्या, असाल, पण पोट तिचं आहे, आधी मी तिच्याशी बोलणार. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी बाहेरच्या बाकड्यावर बसून भिंतीवरचं बाळाचं चित्र इतका वेळ बघितलं की शेवटी ते बाळ मला आवडेनासं झालं.

मग भिंगरीनेच मला आत बोलावलं. दिवस गेलेले नव्हते. पण गर्भाशयाच्या आसपास जंतुसंसर्ग झाला होता, तो त्याच्याकडून आलेला, आणि ताप त्याचाच. डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं की वेळेत आलात, औषधाने पूर्ण बरं होईल. अंगावर काढलं असतं तर पुढे मूल होण्यातसुद्धा अडचण आली असती. इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं, गोळ्या दिल्या. मी विचारलं, ही म्हणतेय तुम्ही मारण्याबिरण्याचं विचारलंत, पण हे बघायला ते कशाला. त्या म्हणाल्या, पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक मुलीला मी विचारते, तू नको म्हटल्यावर तो थांबतो का. ज्या मुलीला नको म्हणायची सोय नाही तिला काळजी घे म्हणायची तरी सोय कुठून असणार. मी नुसत्या गोळ्या दिल्या तर ती पुन्हा याच खुर्चीत येईल.

पुढचं त्या आम्हा दोघींकडे बघून बोलल्या. मुलगी अठराच्या आत आहे, त्यामुळे काही गोष्टी त्यांना कायद्याने पुढे कळवाव्या लागणार होत्या. लपूनछपून काही करणार नाही, काय कळवणार ते आधी तुम्हाला सांगेन, म्हणाल्या. आणि आई हवी. उद्या सकाळी आईला घेऊन या, पण त्याआधी आईला तू स्वतः सांग. मग माझ्याकडे बोट रोखून म्हणाल्या, तुम्ही मध्ये बोलायचं नाही. आजवर हिच्या वतीने दुसऱ्याच कुणीतरी सगळं ठरवलंय. मी मान डोलावली. गप्प बसणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

संध्याकाळचं विचारलं तर म्हणाल्या, उभी राहून बोलता येत असेल तर बोलू दे, पण पडणं, आपटणं, ओढणं अजिबात नाही. प्रयोग झाल्यावर आईला सांगायचं असं भिंगरीने रस्त्यात ठरवलं. मला ते पटलं. इतकं सगळं सुरळीत चाललं होतं की मी मनातल्या मनात डॉक्टरांच्या नाकाला नमस्कार केला.

मागच्या दाराने आत शिरलो आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. प्रेक्षागृहातले सगळे दिवे लागलेले. रंगमंचाच्या कडेला ताई उभी, दुकानातून अर्धा दिवस रजा टाकून आलेली, हातात डबा. तिच्या शेजारी गुणी बाळ, हातात भिंगरीचा फोन. डॉक्टर घामाघूम होऊन माझ्याकडे असं बघत होते, की मी तरी किती नाक दाखवणार. ताई आल्यावर काकूंना नमस्कार करायला म्हणून तो खाली आला होता, आणि मग रंगपटात डोकावला होता.

"आलीस का," तो म्हणाला आणि हसत पुढे आला. त्याने तिच्या मानेवर हात ठेवला. लांबून बघणाऱ्याला तो लाडाचा हात वाटला असता, ताईलाही वाटला असणार. "काकू काळजीत होत्या. कुठे गेली होतीस ते तू सांगतेस, की मी सांगू?"

हाच त्याचा हुकमाचा एक्का होता. या एका वाक्यावर त्याने माझ्या भाचीला इतके दिवस नाचवलं होतं. सुतारांची ठोकाठोक थांबली. मी जीभ दातांखाली धरली, अगदी खरोखर, दुखेपर्यंत. भिंगरीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने आधी आईकडे बघितलं, मग खाली, मग परत आईकडे. मला वाटलं, आता ही काहीतरी खोटं सांगेल, मैत्रिणीकडे गेले होते म्हणेल, आणि हा हसेल, आणि सगळं होतं तिथे जाईल.

"मी सांगते," ती म्हणाली. "आधी हात काढ."

त्याने हात काढला नाही. ती स्वतःच बाजूला झाली, आईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"आई, मी बायकांच्या डॉक्टरकडे गेले होते. मला आतून इन्फेक्शन झालंय, म्हणून ताप येतोय. ते याच्याकडून झालंय. मी नको म्हणते तेव्हा हा ऐकत नाही. मारतो. तुला सांगेन अशी धमकी देतो, म्हणून मी आता स्वतःच सांगतेय."

आवाज कापत होता, पण शब्द एकही गिळला नाही. मी शेकड्यांनी पहिले प्रयोग बघितलेत, पण असा एकही नाही.

तो हसला. म्हणाला, काकू, नाटकात काम करून करून हिला सवय लागलीय. ताईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने डबा खाली ठेवला आणि भिंगरीच्या कपाळाला हात लावला.

"अजून दुखतंय का?"

भिंगरीने हो म्हणून मान हलवली. ताईने तिच्या हातातली औषधाची पिशवी घेतली, आतल्या गोळ्यांवरचं नाव वाचलं. ताई हे नाव रोज वाचते, रोज कुणाच्या तरी हातात हीच गोळी ठेवते आणि कशी घ्यायची ते समजावते. तिच्या चेहऱ्यावरचा रंग मी उतरताना बघितला. लेकीचं एकही वाक्य खोटं नाही हे तिला त्या नावावरूनही कळलं असणार. मग ती त्याच्याकडे वळली, आणि तिचा आवाज अगदी सपाट होता.

"ही औषधं दोघांनाही घ्यावी लागतात. तूही जाऊन तपासून घे, म्हणजे पुढे आणखी कुणाच्या पोरीला त्रास नको. माझ्या घराची किल्ली दे."

घराची किल्ली त्याच्याकडे होती हे मला तेव्हा कळलं. ताई कामावर असताना त्याला नळ दुरुस्त करता यावा, पिशव्या आत ठेवता याव्यात, म्हणून तिनेच दिली होती. त्याने इकडेतिकडे बघितलं. एका बाजूला डॉक्टर येऊन उभे राहिले होते, दुसऱ्या बाजूला हातोडी हातात घेतलेला मोठा सुतार. गुणी बाळाचं अवसान गळालं. त्याने किल्ली काढली, ताईच्या तळहातावर ठेवली, मग दिग्दर्शकबाईंनी नुसता हात पुढे केल्यावर फोनही ठेवला. जाताना काहीतरी पुटपुटला. डॉक्टर आणि सुतार त्याला फाटकापर्यंत पोचवून आले, आणि आल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं की मघाशी मी खराखुरा राक्षस दिसत होतो का. मी म्हटलं, थोडासा.

दिग्दर्शकबाईंनी भिंगरीला विचारलं, आज प्रयोग रद्द करू का, मी करेन, काही बिघडत नाही. बाहेर तिकिटांसाठी लोक यायला लागले होते आणि ही बाई हे बोलत होती, म्हणून त्यांचे शंभर अपराध मला माफ आहेत. भिंगरी म्हणाली, प्रयोग करायचाय, पण केस कुणी ओढायचे नाहीत. बाईंनी संहितेचं पान उघडलं, एक रेघ मारली, म्हणाल्या, मुलगी दारात उभी राहून बापाला जाब विचारेल, बाप ऐकून घेईल, पुढे चला. दिव्यांच्या खोलीत त्या स्वतः जाऊन बसल्या. माझी सगळ्यात मोठी मारामारी एका रेघेत उडाली, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी सुताराच्या पाठीत उगाच एक धपाटा घातला.

संध्याकाळी रंगपटात ताई लेकीच्या पोशाखाची बटणं लावत होती. मी दाराशी उभी होते. तेच एक बटण ताई पुन्हा पुन्हा काजात घालत होती. ती रडत नव्हती, चिडली होती, आणि कुणावर चिडावं ते तिला कळत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस? मी कधी तुझ्यावर हात उगारलाय? कधी ओरडले तरी का?"

"नाही."

"मग?"

भिंगरी आरशात बघून बोलली. "तुला तो इतका आवडायचा."

ताई बटण सोडून खाली बसली. मला वाटलं ती आता काहीतरी समजूत काढेल, स्वतःला बोल लावेल. बाहेर पहिली घंटा झाली.

"अगं, मग एकदा मला विचारायचंस तरी," ती म्हणाली, "तो जास्त आवडतो की तू."

भिंगरीने आरशातून नजर काढली आणि आईकडे बघितलं.

"विचारायचीच भीती वाटायची, आई."

ताईने तिला जवळ ओढलं नाही. तिने फक्त आपले दोन्ही हात पुढे केले आणि वाट बघितली, आणि भिंगरी स्वतःच त्या हातांमध्ये आली. दुसरी घंटा झाली तेव्हा दोघी तशाच होत्या. शेवटचं बटण मी लावलं.